उजवीकडचे रान

आपल्या कॉलेजात क्रिकेटची टीम आहे, कबड्डीची आहे, खो-खोचीही आहे. गोल्फची नाही, आणि ती नाही याची खंत करणारा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. गोल्फ म्हटले की आपल्यापुढे उभी राहते ती हिरवळ, पांढरी टोपी आणि मोटारीतून उतरणारी मोठी माणसे. तरीही या अंकासाठी मी गोल्फवरच लिहायला बसलो आहे. कारण माझ्या फीचा बराचसा भाग या खेळाने भरला. मी खेळून नव्हे, दुसऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मी कॅडीचे काम करीत आलो आहे.

बेळगावचे गोल्फ मैदान ज्यांनी आतून पाहिलेले नाही, त्यांनाही ते एका कारणाने ठाऊक आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्या झाडीत बिबट्या शिरला होता. आसपासच्या शाळा कित्येक दिवस बंद राहिल्या, शिवमोग्याजवळच्या सक्रेबैल छावणीतून हत्ती आणले गेले आणि साऱ्या गावाच्या तोंडी तोच विषय झाला. मी तिथे कामाला जाऊ लागलो ते त्यानंतर. त्या झाडीची मला चांगलीच ओळख झाली. लाल माती, निलगिरी आणि कपड्यांना धरून ठेवणारी घाणेरी. बिबट्या काही मला भेटला नाही. पण त्याने तिथे मुक्काम केला असेल, तर मेंबरांचे हरवलेले चेंडू त्याच्याइतके कुणीच पाहिले नसतील, असे मला नेहमी वाटते.

कॅडीचे काम बॅग उचलण्यापुरते नसते. चेंडू कुठे पडला हे सांगणे हे त्याचे खरे काम. नवा चेंडू स्वस्त नसतो, आणि तो हरवला की खेळणाऱ्याला दंडाचा एक फटका पडतो, शिवाय त्याचा दिवसही बिघडतो. ज्याला चेंडू सापडतो त्या कॅडीला पुढच्या रविवारी हाक येते. ज्याला सापडत नाही तो शेडमध्ये बसून राहतो. म्हणून पहिल्या महिन्यातच मी एक गोष्ट हेरली. रान मैदानाच्या दोन्ही बाजूंना असले तरी माझी वाट बहुतेक वेळा उजव्या रानातच जाई. आणि उजवीकडे गेलेला चेंडू जवळजवळ नेहमी लांब काठीने मारलेला असे.

हा प्रकार जरा उलगडून सांगतो. गोल्फच्या बॅगेत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात. सर्वांत लांब तो ड्रायव्हर. त्याची लांबी सुमारे ४५ इंच, डोके फुगीर, आणि चेंडूला भिडणारे तोंड जवळजवळ उभे, फार तर दहा-बारा अंश मागे झुकलेले. उलट पिचिंग वेज ही काठी सुमारे ३५ इंचांची, आणि तिचे तोंड चांगले पंचेचाळीस अंशांच्या आसपास झुकलेले. लांब अंतरासाठी ड्रायव्हर, झेंड्याजवळ आल्यावर वेज. आता एखादा उजव्या हाताने खेळणारा मेंबर ड्रायव्हर घेऊन उभा राहतो. चेंडू सुरुवातीला जरासा डावीकडे निघतो, मग हवेत वाट बदलून वळत वळत उजव्या रानात उतरतो. यालाच स्लाईस म्हणतात. तोच माणूस, तेच हात, पंधरा मिनिटांनी वेज काढतो आणि चेंडू झेंड्याजवळ ठेवतो. डावखुऱ्याच्या बाबतीत दिशा उलट, पण गोष्ट तीच.

असे का, याची उत्तरे मेंबरांपाशी पुष्कळ असत. कुणी वाऱ्याला दोष देई, कुणी चेंडूला, आणि बहुतेक जण ड्रायव्हरला. मी ज्यांची बॅग सर्वांत अधिक उचलली त्या डॉक्टरांनी माझ्यादेखत दोनदा ड्रायव्हर बदलला. प्रत्येक नवी काठी पहिल्या दिवशी देवासारखी येई आणि महिन्याभरात तिची पूजा थांबे. "वेज बघ कशी सरळ जाते," ते मला म्हणत. "म्हणजे माझ्या हातात काही खोट नाही. ही लांब काठीच दगा देते."

मी काही बोलत नसे. विचारल्याशिवाय बोलायचे नाही, ही शेडमधली पहिली शिकवण. ती मला अण्णांनी दिली होती.

अण्णा हे आमच्यातले सर्वांत जुने कॅडी. मराठी आणि कानडी ते एकाच वाक्यात अशी मिसळत की जोड कुठे आहे ते कळत नसे. चेंडू उजवीकडे वळू लागला की त्यांच्या तोंडून हळूच निघे, "बलक्क होतु." कानडीत बल म्हणजे उजवी बाजू आणि बल म्हणजे जोरही. त्यामुळे त्यांची एक म्हणच झाली होती, "बळ लावलं की बलक्क!" आम्ही पोरे हसायचो. तो विनोद आहे असेच आम्हाला वाटे.

तरुणपणी अण्णा आगेवाला म्हणून नावाजलेले होते. आगेवाला म्हणजे खेळणाऱ्याच्या पुष्कळ पुढे उभा राहून चेंडू कुठे पडतो ते टिपणारा माणूस. मी पाहिले तेव्हा मात्र ते पुढे जात नसत. खेळणाऱ्याच्या बरोबर मागे, चार पावलांवर, थोडे वाकून उभे राहत. फटका बसे, क्षणभर ते तसेच राहत आणि मग चालू लागत. "तिसऱ्या निलगिरीच्या पलीकडं, वीस पावलं आत," असे मला सांगत. मी रानात शिरे आणि चेंडू बहुधा तिथेच असे. दोन-चार पावले इकडेतिकडे. मेंबर म्हणत, अण्णांची नजर घारीची आहे.

एका संध्याकाळी शेडमध्ये त्यांनी एक चेंडू माझ्या हातात दिला. चेंडूवर कंपनीचे नाव आणि ओळखीसाठी आकडा छापलेला असतो. "कितवा नंबर रे हा?" त्यांनी विचारले. आकडा ठळक होता, उजेडही होता. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

"मोतीबिंदू हाय. दोन्हीकडं. पन्नास पावलांच्या पलीकडं सगळं धुकंच. कुणाला सांगू नको, बाळा. बॅग बंद होईल."

मला खरेच वाटेना. ज्याला चेंडू पडताना दिसतच नाही, तो माणूस आम्हा सर्वांपेक्षा जास्त चेंडू शोधून देत होता! मी विचारले, "मग तुम्हाला कळतं कसं, अण्णा?"

"तू चेंडूकडं बघायलास. मी काठीकडं बघतो. निघताना बॉल काठीच्या तोंडाचं ऐकतंय. तोंड जिकडं, तिकडं निघतंय. मागनं हाताचं आठवतंय त्याला. हात डावीकडं वढला असला तर बॉल रुसून उजवीकडं जातंय. किती जातंय, ते काठीवर. लांब काठी, लांब रुसवा."

हे मी त्या रात्री वहीत जसेच्या तसे उतरून ठेवले. कारण त्याच सुमारास एका मेंबरने रद्दीत टाकलेले गोल्फ शिकवणारे एक जुने पुस्तक माझ्याकडे आले होते, आणि त्यात नेमके उलटे लिहिले होते. चेंडू निघतो तो काठी ज्या दिशेने फिरली त्या दिशेने, आणि पुढे वळतो तो तोंड ज्या दिशेला होते तिकडे, असे ते पुस्तक सांगत होते. छापील पुस्तक एकीकडे, शाळेचे तोंड फारसे न पाहिलेले अण्णा दुसरीकडे. मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. निकाल कुणी द्यायचा तर प्रयोगाने.

प्रयोगाला खर्च आला नाही. आजकालच्या मोबाइलमध्ये संथ गतीचे चित्रण होते. डॉक्टरांची परवानगी घेऊन मी त्यांच्या पाठीमागून फटके टिपले, आणि एकेक चित्र थांबवून पाहिले. काठी डावीकडे ओढली जात होती, पुष्कळच. तोंड मात्र लक्ष्याच्या थोडेसेच डावीकडे होते. आणि चेंडू निघत होता तो तोंडाच्या जवळून, हाताच्या वाटेने नव्हे. अण्णा बरोबर होते.

आमच्या सरांना हे दाखवले तेव्हा त्यांनी फळ्यावर एक त्रिकोण काढला आणि तासाभरात सगळा विषय मोकळा केला. काठी आणि चेंडू यांची भेट सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकीच असते. एवढ्या वेळात चेंडूला ढकलले जाते ते मुख्यतः तोंडाच्या पृष्ठभागाला काटकोनात. म्हणून निघण्याची दिशा बहुतांशी तोंडाची. पण काठीची गती थोडी वेगळ्या दिशेने असल्याने तोंड चेंडूवरून किंचित घासत जाते, आणि ते घासणे चेंडूला फिरकी देते. २००० नंतर गोल्फच्या मैदानांवर रडारची यंत्रे आली आणि त्यांनीही हेच मोजून दाखवले. ड्रायव्हरच्या बाबतीत निघण्याच्या दिशेत तोंडाचा वाटा सुमारे ८५ टक्के, काठीच्या वाटेचा १५ टक्के. खरे तर इंग्लंडमधल्या कॉक्रन आणि स्टॉब्स यांनी १९६८ मध्येच आपल्या पुस्तकात हे मांडले होते. पण मैदानावरच्या शिकवणीत जुनाच नियम पुढे कित्येक वर्षे चालत राहिला.

फिरकीने चेंडू वळतो ही गोष्ट त्याहून पुष्कळ जुनी. टेनिसचा चेंडू तिरकस फटक्याने वळतो, अशी नोंद न्यूटनने १६७२ मध्ये केली आहे. जर्मनीच्या माग्नुसने १८५२ मध्ये त्यावर प्रयोग केले आणि त्या परिणामाला त्याचेच नाव मिळाले. फिरणारा चेंडू आपल्याभोवतीची हवा एका बाजूला लोटतो आणि स्वतः दुसऱ्या बाजूला सरकतो, एवढाच त्याचा सारांश. एडिंबरोचे प्राध्यापक टेट यांनी १८९० च्या दशकात गोल्फच्या चेंडूचा पिच्छाच पुरवला. चेंडूला लांब फीत बांधून तो मातीत मारायचा आणि फितीला किती पीळ पडले ते मोजायचे, अशी त्यांची युक्ती. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट हा ब्रिटनचा हौशी विजेता, १८९६ चा आणि १८९८ चा. बाप फळ्यावर, मुलगा मैदानावर! इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. थॉमसन यांनीही १९१० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गोल्फच्या चेंडूवर व्याख्यान दिले होते. हे वाचल्यावर बॅग उचलताना माझा खांदा थोडा कमी दुखू लागला.

आता मूळ प्रश्न. हात तोच, मग लांब काठीनेच चेंडू का वळतो?

उत्तर तोंडाच्या उतारात आहे. झुकलेले तोंड चेंडूखालून घासत गेले की चेंडूला उलटी फिरकी मिळते. तिच्यामुळे तो हवेत तरंगतो. तोंड आणि हाताची वाट यांत डावे-उजवे अंतर असले की ही फिरकी तिरपी होते, म्हणजे तिचा अक्ष आडवा न राहता कलतो. जितका कल तितके वळण. हा कल किती, ते दोन गोष्टींच्या प्रमाणावर ठरते. डाव्या-उजव्या चुकीचा कोन किती, आणि खालून वर जाणारा उतार किती. उतार मोठा असेल तर तीच चूक त्यात विरघळते. चमचाभर मीठ घागरीत टाकले तर पाणी पिता येते, पेल्यात टाकले तर येत नाही. मीठ मात्र तेवढेच. चांगल्या खेळाडूच्या ड्रायव्हरवरून निघालेला चेंडू मिनिटाला अडीच-तीन हजार उलटे फेरे घेतो, पिचिंग वेजवरून नऊ हजारांच्या आसपास. वेज ही घागर, ड्रायव्हर हा पेला.

सरांनी मला एक ढोबळ हिशोब करायला लावला, तो इथे देतो. समजा एक खेळाडू आहे. त्याचा हात लक्ष्याच्या ८ अंश डावीकडे ओढला जातो आणि काठीचे तोंड २ अंश डावीकडे असते. दोहोंतले अंतर ६ अंश. ड्रायव्हरचा चेंडूला जाणवणारा उतार १२ अंश धरा. सहाला बाराने भागले की अर्धा, म्हणजे फिरकीचा अक्ष सुमारे २७ अंश कलला. अक्ष एक अंश कलला तर चेंडू कापलेल्या अंतराच्या सुमारे ०.७ टक्के बाजूला जातो, असा रडारवाल्यांचा अंदाज आहे. २०० यार्डांच्या फटक्यात चेंडू निघताना सुमारे १० यार्ड डावीकडे जाईल, पण वळेल सुमारे ३७ यार्ड. शेवटी पडेल २७ यार्ड उजवीकडे, म्हणजे रानात, माझ्या वाट्याला. आता तोच हात, तीच सहा अंशांची चूक, पण काठी वेज, उतार ४५ अंश. अक्ष कलला आठ अंशांहून कमी. १०० यार्डांच्या फटक्यात चेंडू निघेल साधारण साडेसहा यार्ड डावीकडे आणि वळेल पाच-सव्वापाच यार्ड उजवीकडे. म्हणजे झेंड्यापासून फार तर दीड यार्डावर!

हे उत्तर आले तेव्हा मी पेन खाली ठेवले. वेज सरळ जात नव्हतीच. तिच्यात दोन चुका होत्या, एक डावीकडे नेणारी, एक उजवीकडे आणणारी, आणि त्या एकमेकींना जवळजवळ पुऱ्या पडत होत्या. आम्ही सगळे जिला सरळ म्हणत होतो ती नुसती फिटलेली वजाबाकी होती.

लांबीचाही यात हात आहेच. काठी लांब म्हणून माणूस चेंडूपासून दूर उभा राहतो, काठी अधिक आडवी फिरते, आणि एवढ्या लांबच्या टोकावरचे तोंड वेळेत सरळ करणे अवघड जाते. ड्रायव्हरचा चेंडू डाव्या पायाच्या टाचेसमोर ठेवलेला असतो, म्हणून तिथे पोचेपर्यंत खांदे उघडलेले असतात आणि हात डावीकडे वळू लागलेले असतात. शिवाय ड्रायव्हरच्या फुगीर डोक्यात वजन तोंडापासून मागे असते. चेंडू मधोमध न लागता दांड्याच्या बाजूला लागला तर डोके जरासे फिरते आणि दातेरी चाकांसारखे चेंडूला उजवीकडची फिरकी देते. आणि शेवटी अण्णांची म्हण. लांब काठी हातात आली की माणसाला बळ लावल्याशिवाय राहवत नाही. पण ही सगळी भर आहे. मुळातली चूक छोट्या काठीतही तेवढीच असते.

हिशोबाचा कागद मी अण्णांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "होय की. छोटी काठी झाकून घेतीया. आईवानी." मग थोड्या वेळाने, "लांब काठी सासूवानी. सगळं दाखवून देतीया." मुलींनी रागावू नये. अण्णांची पिढी वेगळी.

पुढे एका रविवारी डॉक्टरांनी तिसरा ड्रायव्हर आणला आणि तोही महिन्याभरात उजवीकडे वळला. त्या दिवशी ते काठी टेकून उभे राहिले आणि पहिल्यांदाच म्हणाले, "अण्णा, तुम्ही इतकी वर्षं बघताय. तुम्हीच सांगा, दोष कुठं आहे?"

विचारल्याशिवाय बोलायचे नाही, पण आता विचारले होते. अण्णा म्हणाले, "साहेब, ड्रायव्हर ठेवा. वेज घ्या. झेंड्यावर मारा एक."

डॉक्टरांना जरा नवल वाटले. त्यांनी वेज मारली. चेंडू हिरवळीवर, झेंड्यापासून दोन हातांवर. "बघा," ते म्हणाले, "हिच्यात काही खोट नाही."

अण्णा चेंडूकडे वळलेच नाहीत. ते खाली बसले. वेज चेंडूच्या पुढची गवताची खपली उडवते, तिला डिव्हट म्हणतात. लाल मातीत बोटभर लांबीची ती ताजी खूण होती. अण्णांनी तिच्यात दोन बोटे घातली, कडेने फिरवली आणि माझ्याकडून एक काठी मागून घेऊन त्या खुणेच्या रेषेत जमिनीवर ठेवली. "आता मागनं येऊन बघा, साहेब."

डॉक्टर मागे आले. चेंडू झेंड्याजवळ होता आणि काठी दाखवत होती डावीकडचा वाळूचा खड्डा.

"ड्रायव्हरचा बॉल टीवर असतोय," अण्णा म्हणाले, "म्हणून त्याची खूण जमिनीत उमटत नाही. हिची उमटतीया. हात दोन्हीकडं एकच."

बराच वेळ कुणी बोलले नाही. मला वाटले डॉक्टर त्या रेषेकडे बघत आहेत. पण ते अण्णांच्या बोटांकडे बघत होते. ज्या खुणेकडे नुसते पाहून भागले असते ती अण्णांनी बोटांनी चाचपली होती. "अण्णा," ते हळूच म्हणाले, "वर बघा. माझ्याकडं." त्यांनी अण्णांची हनुवटी उजेडाकडे वळवली. मी जमिनीकडे बघत उभा राहिलो. माझ्या पोटात गोळा आला होता. इतके महिने मी जे कुणाला सांगितले नव्हते ते अण्णांनी स्वतःच सांगून टाकले होते, दुसऱ्याचा दोष दाखवता दाखवता.

बॅग बंद झाली नाही. दिवाळीनंतर अण्णांच्या मुलीने त्यांना हुबळीला नेले. डॉक्टरांनी तिथल्या ओळखीच्यांना चिठ्ठी दिली होती. आधी एक डोळा, काही आठवड्यांनी दुसरा. अण्णा परत आले ते काळा चष्मा लावून, आणि पहिला दिवस त्यांनी निलगिरीखाली बसून नुसते बघण्यात घालवला. कुणीतरी ड्रायव्हर मारला. चेंडू डावीकडे निघाला, वर चढला, थबकल्यासारखा झाला आणि उजवीकडे मोठे वळण घेऊन रानात उतरला. अण्णांनी तो शेवटपर्यंत पाहिला. कित्येक वर्षे त्यांनी या वाटेचा शेवट नुसता मोजला होता, पाहिला नव्हता. "आईशपथ," ते म्हणाले, "किती झकास वळतंय रे!" मग माझ्याकडे वळून, "पंचवीस पावलं आत. जाऊन बघ." चेंडू तिथे होता.

डॉक्टरांची स्लाईस एकदम गेलेली नाही. अण्णांनी त्यांना दोन महिने ड्रायव्हरला हात लावू दिला नाही. वेज मारायची आणि प्रत्येक फटक्यानंतर चेंडूकडे न बघता डिव्हटकडे बघायचे, हा त्यांचा धडा. डिव्हट सरळ येऊ लागली तेव्हा एक गंमत झाली. वेजचे चेंडू झेंड्याच्या उजवीकडे पडू लागले. डॉक्टर वैतागले. पण त्यात वैतागण्यासारखे काही नव्हते. दोन चुकांपैकी एक दुरुस्त झाली की उरलेली उघडी पडते. आता ते तोंडाकडे लक्ष देत आहेत. ड्रायव्हर पूर्वीसारखा रानात खोलवर जात नाही, कडेच्या गवतात थांबतो. माझे रानातले फेरे कमी झाले आहेत, आणि घाणेरीने फाटणारे शर्टही.

हे सारे लिहिताना मला आपली परीक्षा आठवते. आपल्यातले पुष्कळ जण मराठी शाळेतून आलेले, काही कानडी शाळेतून. कॉलेजात आल्यावर सगळे एकदम इंग्रजीतून. दोन मार्कांचे प्रश्न आपण सरळ मारतो. व्याख्या पाठ असते, सूत्र पाठ असते, उत्तर झेंड्याजवळ पडते. दहा मार्कांचे उत्तर लिहायला घेतले की तिसऱ्या परिच्छेदापासून ते वळायला लागते. मग आपण म्हणतो पेपर अवघड होता, भाषा परकी होती, वेळ कमी होता. यातले काही खरेही असते, जशी काठीची लांबी खरी असते. पण दोन मार्कांच्या उत्तराखालची मातीही कधीतरी बोटांनी चाचपून बघायला हवी. व्याख्या पाठ आहे की कळली आहे? कळलेली गोष्ट आपल्या भाषेत अण्णांसारखी दोन वाक्यांत सांगता येते. तशी ती सांगता आली, तर लांब उत्तरातही फारशी वळत नाही.

मार्क देणारा चेंडू कुठे पडला ते पाहतो, आणि त्याचे ते कामच आहे. खूण कोणत्या दिशेला उमटली, हे मात्र ज्याचे त्याने खाली वाकून पाहायचे असते.